माणिकची पुण्यतिथी

सकाळचा चहा घेता घेता सुभद्राबाईंनी फोन उघडला, तर स्वतःच्याच फोटोखाली नातेवाइकांनी वाहिलेली श्रद्धांजली! फोटो लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. खाली नाव माहेरचं, माणिक. मृत्यू, १९७८. नागपूरच्या संपदाने हात जोडले होते. कानपूरच्या बंटीने 'ओम शांती' लिहून वर फुलं टाकली होती. आणि सुभद्राबाई लखनौत, निशातगंजच्या फ्लॅटमध्ये, हातात अर्धं बिस्किट धरून, चांगल्या धडधाकट बसल्या होत्या.

ही करामत त्यांच्या धाकट्या दिराची, जगदीशरावांची. रिटायर झाल्यापासून या गृहस्थाला उद्योग नव्हता. पंचाहत्तरी जवळ आली तसा त्यांनी एका ॲपवर कारखानीसांचा वंशवृक्ष उभा केला. सुभद्राबाईंच्या नवऱ्याच्या, सुधीररावांच्या लग्नपत्रिकेत बायकोचं नाव माणिक, पुढच्या सगळ्या कागदांवर सुभद्रा. ॲप बिचारं परदेशी. आपल्याकडे नवी सून घरात आली की तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहितात, नाव बदलतं आणि बाई तीच राहते, हे त्याला कोण सांगणार? त्याने दोन बायका धरल्या आणि पहिली कधी गेली ते विचारलं. जगदीशरावांनी दिलं ठोकून, १९७८. नेमका त्याच साली सुभद्राबाईंचा मुलगा आशुतोष जन्मलेला. झालं! माणिक बाळंतपणात गेली आणि सुभद्रा आशुतोषची सावत्र आई ठरली.

एवढ्यावर त्या हसल्याही असत्या. पण संध्याकाळी कॉलेजातून आलेली नात, ऋता, त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, एक बात पूछूँ? पापा आपके बेटे नहीं हैं क्या?"

"कोण म्हणतं?"

"ट्री में तो यही लिखा है. बुरा मत मानना, यार. मेरे लिए तो आजी आप ही हो."

त्या पोरीच्या समजूतदारपणानेच सुभद्राबाईंना जास्त लागलं. आशुतोषच्या वेळी दोन दिवस कळा सोसल्या होत्या त्यांनी. आता नातीने मोठ्या मनाने त्यांना पदरात घ्यायचं?

त्यांनी ताबडतोब जगदीशरावांना फोन लावला.

"अहो वहिनी, किती मनाला लावून घेता!" जगदीशराव हसले. "नाव बदललं तेव्हा माणिक संपलीच ना? टेक्निकली सही है. रेकॉर्डप्रमाणे आहे सगळं."

"रेकॉर्डप्रमाणे मी जिवंत आहे, भाऊजी. आशुतोष माझा मुलगा आहे."

"हाँ हाँ, देखते हैं."

ते काय देखणार! वंशवृक्षात बदल करायची मुभा घरातल्या सगळ्यांना होती, म्हणून सुभद्राबाईंनी स्वतःच दुरुस्ती केली. जगदीशरावांनी ती पुसली. त्यांनी पुन्हा केली, जगदीशरावांनी पुन्हा पुसली आणि वर फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'वहिनींनी कृपया वंशवृक्षाशी खेळू नये. वय झालं की होतं असं.' खाली बंटीचे हसरे चेहरे.

सुभद्राबाईंचं डोकं सणकलं. बँकेची अख्खी शाखा त्यांनी कॉम्प्युटरवर आणली होती, तेव्हा हे महाशय टायपिस्टवाचून पत्र लिहू शकत नव्हते. आणि सुभद्राबाईंचं नाव तरी कोणी बदललं? याच माणसाने. अमरावतीहून नवी नवरी लखनौच्या घरात शिरते तोच हा म्हणाला होता, "माणिक? आमच्या ऑफिसातल्या चपराशाचं नाव माणिकलाल आहे!" सगळे हसले, आणि सुधीरने मुकाट्याने ताटात सुभद्रा लिहिलं. तेव्हा त्या गप्प बसल्या. आता मात्र त्यांनी मनाशी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

पंचाहत्तरी लखनौजवळ मलिहाबादच्या एका आमराईत होती. दसहरी आंब्यांनी लगडलेल्या झाडांखाली शामियाना, शामियान्यात सिनेमाएवढा पडदा, आणि पडद्यावर थेट ॲपवरून कारखानीसांचा वंशवृक्ष. नागपूर, इंदूर, कानपूर, सगळीकडून माणसं आली होती. एक इंदूरच्या मावशी सुभद्राबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सवतीचं मूल किती छान वाढवलंत हो!" सुभद्राबाईंनी गोड हसून मागची खुर्ची गाठली.

जगदीशराव पाटावर बसले. पत्नी वसुधा कणकेचे पंचाहत्तर दिवे घेऊन ओवाळायला उभी राहिली. ओवाळताना पाटावरून उठायचं नसतं. सुभद्राबाईंनी फोन काढला.

जगदीशरावांचं नाव आजोबांवरून ठेवलेलं. आजोबा १९४९ साली गेले, पुढच्या वर्षी हे जन्मले, म्हणून जगदीश. वंशवृक्ष उभा राहिल्या दिवसापासून ॲप विचारत होतं, 'जगदीश कारखानीस दोनदा दिसतात. दोघे एकच आहेत का?' सुभद्राबाईंनी 'हो' दाबलं.

पडद्यावरच्या फांद्या सरसर हलल्या. जगदीश कारखानीस, जन्म १८९१, मृत्यू १९४९. पत्नी दोन, त्यांतली एक त्यांची सख्खी आजी. वडील होते ते त्यांचे चिरंजीव झाले. सगळ्यांचे फोन एकदम वाजले, 'जगदीश यांना श्रद्धांजली वाहा.' बंटीने सवयीने फूल टाकलं, ते पडद्यावर मोठं होऊन उमललं. आधी मुलं हसली, मग अख्खा शामियाना. वसुधाच्या हातातलं तबक हसून हसून हलायला लागलं.

ओवाळणं संपताच जगदीशराव लालबुंद होऊन मागे आले. "वहिनी, हे तुम्ही केलंत?"

"रेकॉर्डप्रमाणे आहे, भाऊजी."

"लोग हँस रहे हैं! आणि मेलेल्या माणसाला ॲप काही बदलूच देत नाही. ठीक करा ना, सुभद्रावहिनी."

"सुभद्रा वारली," त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे बोट केलं.

ओवाळणं होईपर्यंत सुधीररावांच्या दोन बायकांतली एकच जिवंत उरली होती. माणिक, हयात. तिच्याखाली आशुतोष, त्याच्याखाली ऋता. सुभद्राच्या नावापुढे आजची तारीख पडली होती. ऋता पडद्यापुढे जाऊन उभी राहिली होती आणि वळून आजीकडे बघत होती.

"मारायचीच होती एक, तर कोणती ते मी ठरवीन," त्या म्हणाल्या. "आता माझं नाव घेऊन सांगा. मोठ्याने. हे सगळे बसलेत ना, त्यांना ऐकू जाऊ दे."

जगदीशरावांनी वळून पाहिलं. पडद्यावर त्यांच्या नावाखाली फुलं पडतच होती.

"माणिकवहिनी," ते म्हणाले. आसपासच्या माना वळल्या. "माणिकवहिनी, आशुतोष तुमचाच मुलगा आहे. चूक माझी. आता तेवढं मला जिवंत करा."

"करते की," माणिकबाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "आधी जेवणं उरकू द्या. पितरांनी थोडी वाट बघायची असते."