गोधडीचा चौथा कोपरा

नेब्रास्कातल्या त्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका गोधड्या शिवत. त्या गुरुवारी मात्र सुई कुणाच्याच हातात नव्हती. मेव्हिसचा गुडघा दुखायचा थांबला होता! सगळ्या तिच्याभोवती जमल्या होत्या आणि कॉफी गार होत होती.

"इंटरनेटवर ती मदर सेलीना आहे ना, पैसे भरले की ती तीन दिवस ध्यानाला बसते," मेव्हिस सांगत होती. "मग फक्त तुझ्यासाठी म्हणून गोधडीचा नमुना उतरतो. शिवायचा, पांघरायचा, दुखणं पळालंच! पण कुणाला दाखवायचा नाही हं, शक्ती निघून जाते."

"उतरतो कुठून? आभाळातून?" आर्डिथने विचारलं.

"ईमेलने."

आर्डिथने कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, यातल्या निम्म्याजणी तिच्याच वर्गातल्या, आणि त्याचं फळ हे!

तेवढ्यात तिची धाकटी बहीण वर्ना हळूच म्हणाली, "मीपण मागवलाय. हृदयासाठी. महिना झाला, गोळ्या बंद केल्यात."

मघाशी जिना उतरताना वर्ना दोनदा का थांबली, ते आर्डिथला आत्ता कळलं. ती वर्नाजवळ जाऊन बसली.

"मग? बरं वाटतंय?"

"अजून नाही. चौथा कोपरा जुळतच नाही गं. तीनदा उसवला. माझीच श्रद्धा कमी पडते."

मेव्हिसने चमकून पाहिलं. "चौथा? माझाही नाही जुळला. मी तसाच दामटून शिवला."

"माझाही," मागून आणखी तिघी पुटपुटल्या.

"काढा ते नमुन्याचे कागद," आर्डिथ म्हणाली.

"अगं, शक्ती जाईल!"

"गेली तर मी भरून देईन."

एरवी जिच्या काचेवर त्या नमुने गिरवत, त्या खिडकीवर तिने पाचही कागद एकावर एक धरले. रेघेवर रेघ बसली. वरची नावं तेवढी वेगळी होती. आणि चौथ्या कोपऱ्यात शिवणीसाठी पाव इंच कापड सोडायचं पाचही कागदांत राहून गेलं होतं; तो कुणाचाच जुळणार नव्हता.

"ध्यानबीन काही नाही," आर्डिथ थकल्या आवाजात म्हणाली. "एकदा काढायचं आणि हजारजणींना विकायचं. नक्कल करायला तिला दमडी लागत नाही. म्हणून तर दाखवू नका म्हणते. आणि मेव्हिस, शिवायला म्हणून तू पंधरा दिवस एका जागी बसलीस. गुडघ्याला विसावा मिळाला, दुसरं काय?"

वर्नाचे डोळे भरून आले. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"शिवण्यात नव्हती. गोळ्या सोडण्यात होती. बायांनो, जे चारचौघींत दाखवता येत नाही, त्याच्यावर जीव सोपवू नका. हे सांगून सांगून मी दमले, तरी पुन्हा सांगते. चल वर्ना, ऊठ, डॉक्टरांकडे जाऊ."

जिना चढताना वर्ना तीनदा थांबली. आर्डिथही तिच्याबरोबर तीनदा थांबली. खालून मेव्हिसचा आवाज आला, "पण गुडघा तर दुखायचा थांबला ना गं!"

ते पुढच्या गुरुवारी बघू, असं मनाशी म्हणून आर्डिथने बहिणीचा हात घट्ट धरला.