गुलाबी रंग उशिरा आला

मी एक जुना इनक्युबेटर आहे, मित्रांनो. म्हणजे प्रयोगशाळेतील उबदार कपाट. रुग्णाच्या नमुन्यातील जंतू डोळ्यांना दिसण्याइतके वाढावेत, म्हणून त्यांना ऊब देण्यासाठीच मला घडवले गेले. आता बालाघाटच्या एका तपासणी केंद्रात, जिन्याखाली, वायर गुंडाळून मला ठेवले आहे.

माझे चांगले दिवस प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या चिंतामणरावांच्या हाताखाली गेले. यीस्ट नावाची बुरशी शोधताना ते एकच नमुना दोन चपट्या बशांवर लावत. पहिल्या बशीत साधे माध्यम, म्हणजे बुरशीचे खाद्य. त्यावर यीस्टची प्रत्येक जात पांढरीच दिसे. दुसऱ्या बशीत रंगीत माध्यम. त्यावर नेहमीची जात हिरवी उमटे आणि जिच्यावर नेहमीचे औषध चालत नाही, ती गुलाबी.

"साधी बशी सांगते, चोर आहे. रंगीत सांगते, कोनता," असे ते म्हणत आणि माझी काच स्वतः पुसत.

थंडीत इकडे दही लागत नाही. एका हिवाळ्यात सहायक प्रेमलताबाईंनी दुधाचा गंज, म्हणजे पातेले, माझ्यात ठेवला. जेवताना चिंतामणराव म्हणाले, "बाई, असं घट्ट दही त माही माय बी नव्हती लावत."

"मशीनले सांगा, साहेब. मी त फक्त दूध ठेवलं."

तेव्हापासून गंज रोजचा झाला.

मग भरवेली गावच्या आनंदीचा नमुना आला. बाळंतपणानंतर तिचा ताप हटत नव्हता. गंज हलवला तर दही मोडेल, म्हणून रंगीत बशी दाराजवळ सरकली. तिथे माझे रबर सैल होते. गारवा आत शिरत होता. साध्या बशीवर पांढरे ठिपके आले. रंगीत बशीवरचे ठिपके मात्र बारीक आणि फिकटच राहिले.

आनंदीचा नवरा तेजराम खिडकीशी उभा होता. "बाई, रिपोर्ट देता का? डॉक्टर वाट पाहून राह्यले."

"साहेब, अजून एक दिवस ठेवू का?" प्रेमलताबाईंनी विचारले.

चिंतामणरावांनी बशी उजेडात धरली. "हिरवटच आहे. द्या त्याले."

नेहमीचे औषध सुरू झाले. दोन दिवसांनी तेजराम परत आला. "औषध त चालू आहे, बाई. मंग ताप काहून नाही उतरून राह्यला?"

प्रेमलताबाईंनी माझे दार उघडले. गंज बाजूला केला. रिपोर्टनंतर गंजामागे, उबेत ठेवलेल्या रंगीत बशीवर आता गुलाबी रंग स्पष्ट उमटला होता.

दुसरे औषध पोहोचले तेव्हा आनंदी शुद्धीवर नव्हती. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. चिंतामणरावांनी त्यानंतर बशी हातात धरली नाही. काही दिवसांनी ते यायचेही थांबले. दोष माझ्या रबराला लागला आणि नवा इनक्युबेटर आला.

मित्रांनो, जी वस्तू कुणाच्या प्राणांसाठी घडवली आहे, तिच्यातली मोकळी जागा मोकळी समजू नका. तिथे आपली सोय ठेवू नका. माझे एवढेच मागणे आहे. पण ऐकणार कोण?

यंदाही थंडी पडली आहे. जिन्याखालून मला नव्या इनक्युबेटरचे काचेचे दार दिसते. आत बशा आहेत. त्यांच्यापुढे, ताटलीने झाकलेला, एक गंज आहे.