काट्यावर एकटं चढू नये

“बावन्नच,” वजनं पुन्हा एकदा बघून काट्यावरचा नूरुद्दीन म्हणाला. “गेल्या महिन्यात बी बावन्नच शेर भरलं होतं की, वैनीसायब.”

मनोरमा बाळाला पोटाशी धरून तागडीतून उतरली. वेल्ह्याच्या वखारीत हिरड्याच्या राशी लागल्या होत्या. त्या तुरट वासानं बाळ शिंकलं. बावन्नांतून तिचे सत्तेचाळीस गेले की बाळाचे पाच. महिन्यापूर्वीही पाचच. सहाव्या महिन्यात मूल तसूभर वाढलं नव्हतं.

सासूबाई भोरहून येऊन सांगून गेल्या होत्या, “महिनाभर वाट बघते. अंगी लागलं नाही, तर मूल धाकटीकडे. तिला दोघांना पुरेल एवढं दूध आहे.” धाकटी म्हणजे मनोरमाची जाऊ, तिचंही तान्हं होतं. तिचे यजमान आनंदराव त्यावर काहीच बोलले नव्हते. संस्थानच्या जंगलखात्यात कारकून. निम्मा महिना फिरतीवर. उद्या परतणार होते, आणि जोडे काढायच्या आधी वजन विचारणार होते.

“लई इचार करताय,” शेजारची बनाबाई वाटेत म्हणाली. “लेकरू भरलंय चांगलं. तुमीच पार खराट्यागत झालाय.”

“तुम्हांला सगळीच मुलं भरलेली दिसतात, बनाबाई.”

घरी आल्यावर तिनं दार लोटून घेतलं. गावात बोलायला माणसं नव्हती असं नाही. पण पाणवठ्यावर ती गेली की बायका पदर सावरून गप्प होत, ‘कारकुनीणबाई’ म्हणून वाट देत. मग दुपारभर डोंगरावरचा वारा आणि बाळाचा श्वास. त्या श्वासाकडे कान लावून ती बसून राही.

आज तिनं पाटी घेतली. क्ष म्हणजे आपण, य म्हणजे बाळ. दोन्ही मिळून बावन्न. पुण्याला वसतिगृहात असली समीकरणं समजून घ्यायला मुली तिच्या खाटेवर दाटीवाटीनं बसत. क्षच्या जागी सत्तेचाळीस लिहिताना तिचा हात थांबला.

हे सत्तेचाळीस आले कुठून? वसतिगृहात डॉक्टरीणबाईंनी वजन केलं होतं, सत्त्याण्णव रत्तल. त्याचेच हे शेर. त्यानंतर लग्न झालं, वेल्ह्यातले दोन पावसाळे झाले, बाळंतपण झालं. आणि ती मात्र दर वेळी तीच जुनी किंमत उचलून क्षच्या जागी बसवत होती. खरं तर हाताशी समीकरण एकच होतं, आणि न कळलेल्या गोष्टी दोन.

बाळाला उचलून ती तशीच वखारीकडे निघाली. तिची धावपळ पाहून बनाबाईही मागोमाग आली.

“मला एकटीला जोखा,” मनोरमा म्हणाली.

“न्हाई,” बनाबाई आडवी झाली. “काट्यावर एकटं चढू नये. लेकुरवाळीनं तर न्हाईच. तान्ह्याला बी एकटं चढवायचं न्हाई.”

“आमची अम्मी बी हेच म्हनायची,” म्हणत नूरुद्दीननं हातातलं वजन खाली ठेवलं.

मनोरमा बनाबाईकडे वळली. “एकटं नको ना? मग दोघं दोघं जोखा. आधी बनाबाई आणि मी. मग बनाबाई आणि बाळ.”

“मला कशापायी? मी काय हिरडा हाय व्हय?”

“वाळलेला,” नूरुद्दीन म्हणाला. “भाव बरा यील.”

“तुज्या दाडीपरीस कमीच वाळलीया मी.”

बाळाला नूरुद्दीनच्या हाती देऊन दोघी तागडीत चढल्या. तागडी हलली तशी बनाबाईनं तिच्या कमरेला हात घातला. कितीतरी दिवसांत तिला असं कुणी धरलं नव्हतं. उतरायची वेळ आली तेव्हा मनोरमाला थोडा उशीरच झाला.

“चौऱ्याऐंशी,” नूरुद्दीन म्हणाला. आणि बनाबाई बाळाला घेऊन चढली तेव्हा, “अठ्ठेचाळीस.”

मनोरमानं कोळशाचा तुकडा घेऊन भिंतीवर आकडे मांडले. बावन्न आणि अठ्ठेचाळीस मिळून शंभर. त्यात बाळ दोनदा, त्या दोघी एकेकदा. त्यांतून दोघींचे चौऱ्याऐंशी वजा केले की दोघीही निघून जातात आणि बाळ तेवढं उरतं, दोनदा. सोळा. निम्मे आठ.

“आठ,” ती म्हणाली.

“मग डोळं कशापायी पुसताय?” बनाबाई म्हणाली. “कोळसा लागला की गालाला.”

दुसऱ्या दिवशी आनंदराव आले.

“आठ शेर? मग आईला निरोप धाडतो, भोरला न्यायचं काही कारण नाही.” त्यांनी बाळाला उंच धरलं. “बघ, मी म्हणत नव्हतो?”

“हिशेबात आणखी एक आकडा निघाला,” मनोरमा म्हणाली. “बावन्नांतून आठ गेले की—”

“उद्या दाखव. आज फार चाललोय.”

त्यांना झोप लागल्यावर बनाबाई नवा करगोटा घेऊन आली. बाळाच्या कमरेचा जुना रुतायला लागला होता. तो कापून तिनं नवा बांधला, गाठ सैल ठेवली आणि गेली.

काळा दोरा जमिनीवर पडला होता. मनोरमानं तो उचलला. हल्ली चालताना तिचं जोडवं बोटातून निसटायचं. उंबऱ्यावर बसून तिनं ते काढलं आणि त्यावर दोऱ्याचे वेढे घालू लागली. जोडवं बोटात घट्ट बसेपर्यंत बाळाच्या कमरेचा तो सगळा दोरा लागला.