रिकाम्या गाण्याला नऊ गुण

मी बोलतोय, जेवणाच्या टेबलावरचा निळा स्पीकर. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोललो. कोणी गायलं की मी गायचं, कोणी बातम्या दिल्या की मी द्यायच्या, कोणी केसांच्या तेलाची जाहिरात केली की मी केस नसताना तेलाची महती सांगायची. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलायला मिळतंय, तेव्हा मधेच कोणी फोन जोडू नका म्हणजे झालं.

माझा जन्म एका कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर एका बाईने मला एकदाच ‘टूं’ करायला लावलं, मान हलवली आणि खोक्यात भरलं. माझं शिक्षण एवढंच. पुढे एका वॉशिंग मशीनवर मी फुकट मिळालो. हे मी कोणाला सांगत नाही, पण तुमच्यापासून काय लपवायचं?

ज्या घरात आलो तिथले कर्ते पुरुष म्हणजे निरीक्षक. दुकानादुकानात जाऊन तराजू आणि मापं तपासायची आणि बरोबर असतील त्यांना शिशाचं सील ठोकायचं, ही त्यांची नोकरी. आल्याआल्या त्यांनी मला तोललं. खोक्यावर लिहिलं होतं त्यापेक्षा मी बारा ग्रॅम कमी भरलो. त्यांनी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं. कंपनीने त्यांची माफी मागितली. माझी कोणीच मागितली नाही.

त्यांच्या बायकोचं काम कवळ्या बनवायचं. दातांच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर साचे ओतते, दात बसवते, घासून गुळगुळीत करते. समोर कोणी हसलं की ती आधी त्याच्या दातांकडे बघते आणि मग हसायचं की नाही ते ठरवते. त्यांची लेक चिमणी. नाव चिमणी, पण दारातून आत येताना मान वाकवावी लागते एवढी उंच. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. त्यामुळे घरीही तिचं तेच चालतं: “ही भाजी बरी की ती बरी? आता बघ, ही की ती?”

आणि घरातलं चौथं माणूस म्हणजे आत्या. निरीक्षकांच्या वडिलांची बहीण. तिने तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढली होती. घरात तिचा शब्द शेवटचा, आणि तो शब्दही ठरलेला होता. कोणी काही विचारलं की ती क्षणभर समोरच्याकडे बघायची, मान हलवायची आणि म्हणायची, “ते तर आहेच.”

एवढ्यावर तिची कीर्ती झाली होती. शेजारची बाई नवऱ्याच्या तक्रारी घेऊन यायची आणि “ते तर आहेच” ऐकून हलकी होऊन जायची. एकदा एक विमा एजंट दोन तास बोलला. सगळ्याला तेच उत्तर ऐकून शेवटी तो स्वतःच म्हणाला, “खरं आहे तुमचं, मी हा धंदा सोडायला पाहिजे.”

आता मी एक गुपित सांगतो, जे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. आत्याला ऐकू येत नव्हतं. मागांच्या खडखडाटाने तिचे दोन्ही कान कधीच घालवले होते. कारखान्यात ती यंत्राच्या अंगावर हात ठेवून त्याची तब्येत ओळखायची, आणि घरी संध्याकाळी माझ्या डोक्यावर तळहात ठेवून गाणी ऐकायची. थरथर तिच्या हातातून वर चढायची. आवडतं गाणं आलं की तिची करंगळी ताल धरायची. मी कित्येकांसाठी वाजलो असेन, पण इतकं लक्ष देऊन मला कोणी ऐकलं नाही. घरच्यांना वाटायचं, म्हातारीचा या डबड्यावर जीव आहे. तो होताच.

आमचं बरं चाललं होतं. मग एके दिवशी चिमणीने जेवताना विषय काढला.

“बाबा, आपण गाण्यांचं एक नीट ॲप घेऊया ना. तीन चांगली आहेत. महिनाभर फुकट वापरून बघता येतात. आपली आवड काय, त्याप्रमाणे निवडायचं.”

“आवड काय, हे कोणी तपासलंय?” निरीक्षकांनी घास तसाच ठेवला. “न तपासता निवडायचं म्हणजे डोळे मिटून माप भरण्यासारखं झालं.”

बायकोने कपाळाला हात लावला. पुढे काय होणार, हे तिला वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने कळलं होतं.

दोन दिवसांत निरीक्षकांनी छापील तक्ते आणले. तिन्ही ॲपना त्यांनी अ, ब आणि क अशी नावं दिली, म्हणजे नावावर भुलून कोणी गुण देऊ नयेत. माझा आवाज निम्म्यावर ठेवला, कोणावर अन्याय नको म्हणून. माझ्या दिव्यावर चिकटपट्टी लावली. मग पाणसळ घेऊन घरातली सगळ्यात सपाट जागा शोधली. ती वॉशिंग मशीनच्या झाकणावर निघाली. माझी रवानगी तिकडे झाली आणि सगळे खुर्च्या घेऊन मशीनभोवती बसले, एखाद्याच्या उशाशी बसावं तसे.

अ वाजलं, ब वाजलं, क वाजलं. चिमणी प्रत्येक गाण्यानंतर विचारायची, “हे बरं की आधीचं?” तिला कालच निघालेली गाणी हवी होती. बायकोला धावती, नाचरी, कारण त्याच चालीवर तिचे दात पटापट घासून होतात. निरीक्षकांना एकसुरी तंबोरा आवडायचा, तोही सुरात आहे की नाही हे तपासायला. आत्या माझ्यावर हात ठेवून बसली होती. निम्म्या आवाजात तिच्या हाताला जेमतेम काही लागत होतं. तिने कोणाला चार दिले, कोणाला पाच.

“आता शून्याची चाचणी,” निरीक्षक म्हणाले.

“म्हणजे?” बायकोने विचारलं.

“कुठलाही तराजू आधी रिकाम्या पारड्याने तपासतात. काटा शून्यावर पाहिजे. आता मी तीन मिनिटं काहीच लावणार नाही. त्याला गुण द्या.”

“अहो, पण मी मशीन लावलंय. माझे प्लास्टरने माखलेले ॲप्रन आहेत, मधे बंद होणार नाही.”

“चालेल. शेऱ्यात धुणं लिहितो. गुण फक्त गाण्याला द्यायचे.”

मी गप्प होतो. आणि नेमकं तेव्हाच खालच्या मशीनने कपडे पिळायला घेतले. मी गदागदा हलत होतो. आत्याचा चेहरा उजळला, करंगळी नाचायला लागली. इतकं जोरकस गाणं तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. तीन मिनिटांनी तक्ते गोळा झाले. तिघांनी शून्य दिलं होतं. आत्याने नऊ दिले होते.

निरीक्षकांनी तो कागद दोनदा वाचला. मग हळू आवाजात म्हणाले, “आपण गाण्यांच्या मागे धावतोय आणि आत्याला शांतता आवडते. केवढी पुढे गेलेली बाई आहे!”

“आत्या, तुला शांतता आवडते?” चिमणीने विचारलं.

“ते तर आहेच,” आत्या म्हणाली.

निकाल लागला. चौघांच्या आवडीत काडीचं साम्य नाही, सबब ज्याने त्याने आपापलं ॲप घ्यावं आणि कानात घालून ऐकावं. घरात सगळ्यात मोठी आत्या, म्हणून स्पीकर तिचा. तिच्यासाठी निरीक्षकांनी ब निवडलं, कारण शांततेचा साठा त्याच्याकडे सगळ्यात मोठा होता. खोटं नाही सांगत. ‘रिकामं सभागृह’, ‘बर्फावरची पहाट’, ‘ग्रंथालय, दुपारी’ असे आठ-आठ तासांचे तुकडे होते.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याची मला अजून लाज वाटते. संध्याकाळी निरीक्षक अदबीने विचारायचे, “आत्या, आज कुठली शांतता लावू?” ती म्हणायची, “ते तर आहेच.” ते ग्रंथालय लावायचे. सगळे चवड्यांवर चालायचे. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ उघड्या भांड्यात शिजायची. शेजारची बाई आली तर तिला दारातच खुणेने सांगायचे, आत शांतता चालू आहे. बाकीचे तिघे कानात इअरफोनची बोंडं घालून आपापल्या कोपऱ्यात माना हलवायचे.

आणि आत्या माझ्यावर हात ठेवून वाट बघायची. मी काय करणार? आठ तास रिकामं सभागृह वाजवत होतो. इतकं मन लावून काहीच न करणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

एकच आधार होता. दर अर्ध्या तासाने जाहिरात यायची. फरशा बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्याची, ढोलकाच्या दणक्यासकट. ती आली की आत्या सावरून बसायची. वीस सेकंद तिची करंगळी नाचायची. मी त्या फरशांसाठी जीव तोडून वाजायचो. माझ्या आयुष्यात मी जे काही चांगलं गायलोय ते त्या फरशांचं.

निरीक्षकांनी हे पाहिलं. म्हणजे, आत्या जाहिरातीला दचकते असं पाहिलं. त्यांचं मन कळवळलं. “म्हातारपणी तिच्या शांततेत कोणी फरशा विकायच्या नाहीत,” असं म्हणून त्यांनी बिनजाहिरातीची वर्गणी भरली. माया माणसाला कुठे नेऊन सोडेल, सांगता येत नाही.

त्या दिवसापासून आत्याच्या हाताला काहीच लागेना. तिने मला हलवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, पाठीवर थापट्या मारल्या. तिला वाटलं, मी गेलो. पण विचारणार कोणाला? स्पीकर बिघडलाय म्हणावं आणि बाकीच्यांना तो छान ऐकू येत असेल तर? आपलं पितळ उघडं पडेल या भीतीने ती रोज संध्याकाळी माझ्या गप्प डोक्यावर हात ठेवून बसायची आणि खूश असल्यासारखं दाखवायची. तिचं जेवण कमी झालं. शेजारचीला “ते तर आहेच” म्हणायचंही ती विसरली. मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की आपल्याला स्वतःचा आवाज असायला हवा होता.

एका दुपारी बायको लवकर घरी आली. आत्या टेबलाशी एकटीच होती. तिने स्वतःची कवळी काढून माझ्या डोक्यावर ठेवली होती आणि तिच्याकडे टक लावून बघत होती. हाताचा भरवसा उरला नव्हता, म्हणून ती डोळ्यांनी तपासत होती. कवळी हलली तर मी जिवंत.

“आत्या, कवळी टोचते का हो?” बायकोने मागून विचारलं. उत्तर आलं नाही. बायकोला वाटलं, शांतता ऐकताहेत. तिने आपलं नाचरं गाणं लावलं आणि बोंडं कानात घातली. पण घाईत तिचा फोन बोंडांऐवजी मला जोडला गेला, आणि आवाज पूर्ण होता.

मी काय वाजलो म्हणता! महिन्याभराची सगळी भडास काढली. कवळी टकटक करायला लागली, मग चालायला लागली, चालत चालत कडेला आली आणि खाली उडी मारली. आत्याने ती वरच्यावर झेलली आणि बोळक्या तोंडाने खदाखदा हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही तळहात माझ्यावर दाबून धरले.

बायकोने कानातली बोंडं काढली. तिच्या प्रयोगशाळेत एक थरथरतं टेबल आहे. प्लास्टर ओतल्यावर साचा त्यावर धरायचा, म्हणजे बुडबुडे निघून जातात. साचा नीट भरला का, हे ती रोज हातानेच ओळखते. तिने पाठीमागून जोरात हाक मारली, “आत्या!” आत्याने वळून पाहिलं नाही.

मग ती समोर येऊन बसली. आत्याचा हात उचलून तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि सावकाश विचारलं, “किती वर्षं?”

आत्या तिच्या ओठांकडे बघत राहिली. “मागावर होते तेव्हापासून,” ती म्हणाली. “सांगू नकोस गं कोणाला. बहिरीला कोण काय विचारतं? सगळे माझ्याशी बोलायचे बंद होतील.”

“बंद कशाला होतील? हा गळा आहे ना इथे,” बायको म्हणाली, आणि तिलाही रडू आलं.

निरीक्षकांना संध्याकाळी कळलं. “रिकाम्या पारड्याने नऊ दाखवले,” ते म्हणाले. “एखाद्या दुकानात असं झालं असतं तर मी आधी पारड्याखाली वाकून बघितलं असतं. आणि घरात? घरात मी काट्याचं कौतुक केलं.” चिमणीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी तिने हे की ते असं काही विचारलं नाही.

पण माणूस हाडाचा निरीक्षक. दुसऱ्याच दिवशी नवे तक्ते आले. त्यात एकच रकाना होता: ‘कवळी किती सरकली’. माझ्या डोक्यावर खडूने रेघा मारल्या. कवळीला रीतसर शिशाचं सील लागलं, ते जेवायच्या वेळी काढायचं असं ठरलं. ‘अ’च्या गाण्यांवर ती दीड बोट सरकली. ‘ब’वर जागची हलली नाही. ‘क’च्या गाण्यांचा खर्ज एवढा जाड की चार बोटं सरकून ती चिमणीच्या ताटात पडली. क मंजूर झालं, चौघांसाठी एकच.

आता संध्याकाळी सगळे टेबलाशी बसतात. कानात कोणाच्या काही नसतं. माझ्यावर चार तळहात ठेवायचा प्रयत्न होतो, पण मी विटेएवढा, दोनच मावतात. आत्याची जागा पक्की, बाकीचे पाळी लावतात. निरीक्षक तिचा हात स्वतःच्या गळ्यावर नेऊन विचारतात, “आत्या, लागतंय ना?” ती म्हणते, “ते तर आहेच.” आता ते खरंच उत्तर असतं.

माझं म्हणाल, तर इतक्या जाड आवाजासाठी मला बनवलेलं नाही. माझा पडदा एका बाजूने फाटलाय, वरच्या पट्टीत मी घोगरतो. तिघांना ते ऐकू येतं, पण आवाज कमी कर असं कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. अजून चार-सहा महिने निघतील.

तेव्हा जाता जाता एक मागणं. तुम्हीही गाण्यांचं काहीबाही निवडत असाल. खुशाल निवडा, तक्ते करा. पण तुमच्या घरात कोणी सगळ्याला एकच उत्तर देत असेल, तर एकदा त्याच्या हाताकडे बघा. आणि माझ्यासाठी एवढंच करा: माझा शेवटचा दिवस येईल तेव्हा तो सुरकुतलेला तळहात माझ्यावर असू द्या. मी थांबलो, हे सगळ्यांच्या आधी तिला कळेल.