बायांकडचा पडदा

"नीट भिजव व इंदू! मागच्या खेपेले कोपरा कोरडा राह्यला, त हिरोचं डोस्कंच दिसलं नाही मले."

चतुराबाई खालून ओरडली तशी इंदूबाईनं बादलीतलं उरलंसुरलं पाणी पडद्यावर भिरकावलं. धामणगावच्या बाजाराच्या मैदानात दोन बल्ल्यांना ताणून बांधलेलं ते पांढरं कापड. पुढच्या अंगाला गडीमाणसं बसत, मागच्या अंगाला बाया. कापड ओलं असलं तरच चित्र पाझरून बायांकडे येई. म्हणून भिजवायचं काम बायांचंच.

अमरावतीहून प्रसिद्धी खात्याची गाडी वर्षातून एकदा येई. गाडीवर यंत्र चालवणाऱ्या शालिकरामला इंदूबाई दर खेपेला एकच विचारी, "दादा, जिनाची रीळ आनली का?" दर खेपेला तो मान हलवी. आज मात्र गाडीतून उतरता उतरताच म्हणाला होता, "सापडली बाई. मोडीत चालली होती. जुनी रिळं वितळवून बांगड्या करते म्हनते आता. यंदा पाहून घ्या. पुढच्या साली कोनाच्या हातात वाजन, सांगता येत नाही."

इंदूबाई आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिली होती.

मनकर्णा अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. मुंबईची माणसं कापसाच्या हंगामाचं चित्र घ्यायला गावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आली होती. इंदूबाईचा नवरा देवमन तिथंच यंत्रात कापूस लोटायचा, डाव्या हातानं. सारं जीन त्याला डावऱ्याच म्हणे. पुढच्याच उन्हाळ्यात खोकल्यानं तो गेला. छातीत रुई बसली होती, दुसरं काही नाही. महिना झाला नसेल, त्याच्या जोडीचा पुंजाजी अमरावतीहून धावत आला. "वहिनी, मुख्य पिच्चरच्या आंधी समाचार दाखोते ना, त्याच्यात देवमन हसून राहिला!"

ती पोरीला पदराखाली घेऊन अमरावतीच्या थेटरात गेली. देवमन आला, डाव्या हातानं कापूस लोटला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, हसला. तिनं श्वास घेतला तोवर गेला. पोर दूध पीत होती, तिनं काही पाहिलं नाही. पुन्हा गेली तर समाचार बदललेला. अकोल्याला गेला म्हणाले. अकोल्यात म्हणाले, पुढं गेला. मेलेलं माणूस पुढं कुठं जातं?

घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती. देवमननं कधी फोटो काढलाच नव्हता. "माय, माहा बाप कसा होता व?" मनकर्णा विचारायची. इंदूबाई म्हणायची, "तुह्यासारखा." आणि पोरीनं भाकरीला डावा हात लावला की त्यावर चापट मारायची. "उजव्या हातानं! सासरी नावं ठेवतीन."

आता सासर ठरलं होतं. पुढच्या महिन्यात मनकर्णा अकोल्याकडे जाणार होती. बापाचं तोंड न पाहता पोरीनं उंबरा ओलांडू नये, एवढंच इंदूबाईच्या जिवाला लागलं होतं.

जात्यावर ती पहाटे म्हणायची,

*रुई गेली परदेसाले, सरकी गेली घान्याले*
*धनी माहा कुठी गेला, पुसू कोन्या वान्याले*

दिवेलागणीनंतर पडदा उजळला. पांढऱ्या रुईच्या ढिगावर पावसासारख्या रेघा पडत होत्या.

"कापूस काय दाखोतं गा?" पलीकडून कोणीतरी ओरडलं. "दिवसभर नाकात थोच चालला! गाणेवाला लाव!"

गडी खदखदून हसले. मनकर्णाही हसली. तिलाही गाणीच हवी होती.

"आता पाह्य," इंदूबाईनं तिचा दंड घट्ट धरला. "आता येईन."

धुरकट रुईतून एक माणूस पुढं आला. त्यानं कापूस लोटला. उजव्या हातानं. तोंड पुसलं. हसला. गेला.

"हाच का व माय?"

इंदूबाईच्या हातातून पोरीचा दंड सुटला. "थो नाही," ती म्हणाली.

गाण्याचा सिनेमा सुरू झाला. बाया माना डोलवू लागल्या. इंदूबाईला काही ऐकू येत नव्हतं. मग अमरावतीत कोणाला पाहिलं मी? कोण्या परक्याच्या हसण्यावर एवढी वर्षं जात्यापाशी रडली?

यंत्र एकच, म्हणून रीळ बदलताना शालिकराम मध्ये थांबे. तोवर दुसऱ्या दिव्यानं पडद्यावर सरकारी सूचनांच्या नुसत्या पाट्या उमटल्या. चौथीपर्यंत शिकलेली मनकर्णा ओठ हलवत वाचायला गेली आणि वैतागली. "इकून अक्षरं उलटीच दिसते, बाप्पा. सारंच इकूनचं तिकून."

"काय म्हनलं?"

"उलटं व. आरशावानी."

इंदूबाई उठली. अमरावतीच्या थेटरात बाया वर गॅलरीत होत्या, पण पडद्याच्या पुढंच होत्या, इथल्यासारख्या मागं नव्हत्या. ती कडेकडेनं गाडीपाशी गेली. पदर सावरायचंही भान राहिलं नाही.

"दादा, पुन्हा लावा. पाया पडतो. थोच होता."

"आता? पब्लिक फाडून खाईन मले, बाई!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतून पुंजाजी उभा राहिला. आता म्हातारा, तोही खोकणारा. "लाव रे शालिकराम. डावऱ्याची पोरगी हाय. बाप पाह्यला नाही तिनं." मग लोकांकडे वळून म्हणाला, "चूप बसा बे! तुमची हिरोइन काही पळून नाही जात."

कुरकूर झाली. कोणी बिडी पेटवली. शालिकराम जुनी रीळ चढवू लागला.

"चाल माय, पुढून पाहू," मागोमाग आलेली मनकर्णा म्हणाली.

"सासऱ्याच्या वयाची मानसं बसली तिथी. मी पाह्यला हाय त्याले. तू जाय."

इंदूबाई परत बायांत येऊन बसली. कापड वाळत आलं होतं, चित्र आता जेमतेम पाझरत होतं. चतुराबाईनं बादली उचलली, ती रिकामी होती.

रुई उडाली. पुसट, जुन्या धुरासारखा देवमन पुढं आला. तेवढ्यात त्याच्या शेजारी एक काळी सावली उभी राहिली, लांब वेणीची. उजेडाच्या वाटेत पोर थेट पडद्यापर्यंत गेली होती.

देवमननं कापूस लोटला. सावलीनं हात पुढं केला. डावा.

"ए पोरी, हात खाली घे!" गडी ओरडले. "दिसत नाही ना!"

चित्र विरत विरत नुसता उजेड उरला. त्या उजेडात तो हात तसाच होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा इंदूबाईनं त्या हाताला काही म्हटलं नाही.