पंप निर्दोष होता

अण्णांना जाऊन सात आठवडे झाले होते आणि त्यांची गाडी चौलला ओळखीच्या सखुबाईंच्या वाडीत, सुपारीच्या झाडांखाली तशीच उभी होती. माणूस गेला की त्याच्या वस्तूंची हळूहळू व्यवस्था लागते. कपडे कोणाला तरी देऊन टाकतात, चष्मा कपाटात जातो. गाडीचं नाव मात्र कोर्लईच्या घरात कोणी काढत नव्हतं. तिनंच अण्णांचा जीव घेतला असं त्यांच्या बायकोचं, राहीच्या आईचं, मत होतं. आणि गाडी काही आपल्या मनानं थांबत नाही, तेव्हा तो हिरामणनं घेतला.

माघातल्या एका सकाळी अण्णांच्या छातीत कळ आली. अलिबागच्या इस्पितळात न्यायचं म्हणून हिरामणनं गाडी काढली. बारा वर्षं तो त्यांच्याकडे ड्रायव्हर होता. साळावला दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकलेली तर असे. तिच्यावर गाडी चढवली, खाडी ओलांडली, रेवदंडा आणि चौल मागे टाकलं. नागावच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. पाव तासानं सुरू झाली, दोन फर्लांग गेली, पुन्हा थांबली. हिरामण घामाघूम होऊन हँडल मारत होता तेव्हा मागच्या सीटवर अण्णांचं डोकं राहीच्या मांडीवर जड झालं. त्यांना बैलगाडीतून परत आणलं. मोटार दुसऱ्या दिवशी बैल जुंपूनच चौलपर्यंत ओढून नेली.

लोकांनी आपापले निकाल दिले. हिरामण प्यायलेला होता, असं एक. घाबरून त्यानं जास्त पेट्रोल देऊन इंजिन बुडवलं, असं दुसरं. तो स्वतः एवढंच सांगे की पंपानं दगा दिला. कामावरून तर तो गेलाच, आता दुसरीकडेही कोणी उभं करीना. शेवटी अलिबागचे करमअली शेठ, ज्यांच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारी धरमतरपर्यंत धावत, ते म्हणाले की ठेवतो, पण अण्णांच्या घरची चिठ्ठी आण. गाडी तुझ्या हलगर्जीनं थांबली नाही, एवढं त्यांच्या मुलीच्या हातचं असलं की पुरे.

राही पनवेलच्या शाळेत शिकवत असे आणि वडिलांच्या आजारापासून रजेवर होती. चिठ्ठी दिलीस तर मला तोंड दाखवू नकोस, असं आईनं चुलीपुढून न वळता सांगितलं होतं. पण राहीची अडचण आई नव्हती. स्वतःला माहीत नाही त्यावर सही करायची नाही, ही सवय तिला अण्णांनीच लावलेली. म्हणून तिनं हिरामणला निरोप पाठवला की पंप माझ्यासमोर उघड. सन अडतीसच्या चैत्रातल्या त्या सकाळी दोघं वाडीत आली, तेव्हा तिला काय निघायला हवं आहे हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रात्रीची झोप तिची केव्हाच गेली होती. काहीतरी एक कळावं आणि हे संपावं, एवढंच.

हिरामणची आणि पंपाची पहिल्यापासून तेढ होती. अण्णांच्या आधीच्या गाडीत टाकी उंचावर असे आणि पेट्रोल आपसूक खाली उतरे. ही गाडी आली ती मागे, खाली टाकी घेऊन. इंजिनाच्या कुशीला वाटीएवढा पंप. इंजिन फिरलं की एक दांडा हलायचा, आत रोगण दिलेल्या कापडाचा पडदा वरखाली व्हायचा आणि मागचं पेट्रोल ओढून घ्यायचा. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. गाडीचं पुस्तक राहीनंच त्यांना सुट्टीत ओटीवर बसून वाचून दाखवलं होतं, मराठी करत करत, आणि हिरामण खांबाला टेकून ऐके.

आता त्यानं बॉनेट उघडलं, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिच्या तोंडाशी बाटली धरली आणि राहीला हँडल फिरवायला सांगितलं. दुसऱ्याच फेऱ्याला बाटलीत पेट्रोलची चिळकांडी उडाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा उडाली. त्यानं पंपाखालची काचेची वाटी काढली. तळाला चिमूटभर गाळ, पाणी नाही. वाटीच्या काठावरचं बुचाचं कडं तो बोटांनी चाचपत राहिला. ते सुकून आक्रसलं तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, पण ते मऊ होतं. पडदा फाटला की पंपाच्या बुडाच्या छिद्रातून पेट्रोल ठिबकतं. छिद्र कोरडं होतं. तरी त्यानं पंप उतरवून उघडला, पडदा उन्हाकडे धरला. सुईएवढासुद्धा उजेड आरपार आला नाही. आतल्या दोन झडपा त्यानं तोंडानं हवा ओढून पाहिल्या. दोन्ही चोख बसत होत्या.

त्यानं सगळं पुन्हा जोडलं, आणि जोडताना तो म्हातारा दिसायला लागला. सबंध सात आठवडे तो ज्याच्यावर बोट दाखवत होता त्याच्यात काही खोट नव्हती.

"ताय," पाना पुसत तो म्हणाला, "पंपात काय न्हाय. मंग मीच मारला न अण्णांना."

राही म्हणाली की त्या दिवशी गाडी उभ्या उभ्या बंद पडली नव्हती, चालताना पडली होती. त्याच रस्त्यानं नेऊन बघू.

गाडी सुरू झाली. चौलचे माड मागे गेले, नागाव आलं. त्या दिवशीची जागा आली तेव्हा राहीनं मान खाली घातली, पण गाडी सरळ पुढे गेली. हिरामणनं स्टिअरिंग असं धरलं होतं, की जणू सोडलं तर ते बुडेल. आणखी मैलभर गेल्यावर, आक्षीच्या वळणाशी, इंजिनानं आचका दिला. मग दुसरा. मग नुसता चाकांचा आवाज, आणि तोही थांबला.

आता नळी सोडवून राहीनं हँडल फिरवलं तर बाटलीत थेंब आला नाही. दहा फेरे, वीस फेरे. हाच पंप तासाभरापूर्वी चिळकांड्या मारत होता. पंप ओढतो आहे आणि मागून येत नाही, मग नळी तुंबली, म्हणत हिरामण इंजिनाच्या बाजूनं सांधे सोडवायला वाकला. राही थकून मागे जाऊन उभी राहिली. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं टाकीचं झाकण फिरवलं.

झाकण सुटताना टाकीनं श्वास घेतला. पाण्यात बुडालेला माणूस वर येऊन घेतो, तसा, लांब. पुढून हिरामणचा आवाज आला, त्यानं नुसता दांडा हातानं दाबला होता आणि पेट्रोल आलं होतं. राहीनं झाकण उलटं केलं. मधोमध, गेलेल्या पेट्रोलच्या जागी हवा आत यायला, सुईएवढं भोक असतं, ते मेणानं गच्च भरलेलं होतं. मेणावर अंगठा उमटला होता. अण्णांचा अंगठा रुंद होता. हा अरुंद होता.

दोन वर्षांपूर्वी तरीवर लाट आली होती आणि झाकणाच्या खळग्यात साचलेलं खारं पाणी भोकातून टाकीत गेलं होतं. टाकी धुण्यात तीन दिवस गेले. तेव्हापासून तरीवर चढायच्या आधी अण्णा त्या भोकात मेण दाबत आणि पलीकडे उतरलं की स्वतः काढून टाकत. हे काम त्यांनी कधी कोणाला दिलं नाही. त्या सकाळी हिरामण तरीवाल्यांबरोबर चाकांखाली फळ्या धरत होता. अण्णा मागच्या सीटवर घामानं निथळत होते, आणि तशात त्यांनी विचारलं होतं, भोक बंद केलंस का? राहीनं त्यांच्या खिशातला मेणबत्तीचा तुकडा काढून मेण दाबलं होतं. पलीकडे उतरल्यावर तिला कोणी काही विचारलं नाही. टाकी आदल्या दिवशीच काठोकाठ भरलेली, आत हवेला जागा नाही. दोनचार मैलांतच पंपाला ओढवेना झालं असणार. उभ्या गाडीत कडेनं थोडी हवा झिरपते, म्हणून ती तेव्हा दोन फर्लांग गेली आणि आज सकाळी पंप चोख चालला. नुसतं झाकण उघडलं असतं तरी चाललं असतं. पण टाकी भरलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, मग उघडणार कोण?

हिरामण हात पुसत मागे आला. नळीत कचरा होता, निघाला, असं तो सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी काहीतरी हललं होतं. राहीला फक्त झाकण लावून टाकायचं होतं. तिनं ते त्याच्या हातावर ठेवलं.

त्यानं मेण पाहिलं आणि नखानं ते कोरायला सुरुवात केली. राही म्हणाली, राहू दे. त्यानं ऐकलं नाही.

"कचरा होता म्हणू," तो म्हणाला. "मला चिठ्ठी मिळल. बाकी कुनाला कशाला?"

"कचऱ्याचा दोष तुझ्याकडे येतो, हिरामण. नळी साफ ठेवायची तुझी जबाबदारी."

"डायवर मी व्हतो. झाकण मला बघाया पायजे व्हतं."

"मेण मी लावलं होतं."

दोघंही एवढी दमली होती की हा वाद पुढे गेला नाही. रस्त्याकडेच्या उंडणीच्या झाडाच्या सावलीत फुटबोर्डावर बसून तिनं चिठ्ठी लिहिली. चार ओळी. हिरामणला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं वाचून दाखवली. तुझं नाव त्यात नको, तो म्हणाला. शेठला एवढ्या गोष्टीशी काय करायचं आहे. तिनं ती तशीच ठेवली आणि घडी घालून त्याच्या हातात दिली. वैनींच्या, म्हणजे आईच्या, कानावर हे आज ना उद्या जाईल, असं तो मग हळूच म्हणाला. ती म्हणाली, अलिबागला तू उद्या जा. आज मला घरी सोड आणि तूही ये.

गाडी पुन्हा वाडीत ठेवून ती दोघं लहान होडीनं साळावला उतरली आणि उन्हातून चालत कोर्लईला पोचली. हिरामण अंगणाच्या कडेला, दगडी गडग्याबाहेरच थांबला. आई पडवीत आमसुलं निवडत बसली होती. राहीनं खाली बसायच्या आधीच सांगितलं. भोक, मेण, खाडी, सगळं क्रमानं, वर्गात सांगावं तसं.

आईचे हात सुपात थांबले होते. बाहेर कावळे ओरडत होते. तिनं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पडवीच्या पायरीपर्यंत गेली.

"हिरामण," ती म्हणाली, "बाहेर का उभा? पाय धू. जेवून जा."

त्याचं पान तिनं स्वतः मांडलं. भात वाढला, आमटी वाढली, पुन्हा वाढली, तो नको म्हणत असताना वाढली. राहीकडे तिनं पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. राहीनं शाळेला पत्र लिहून रजा वाढवून घेतली.