बिनसाखरेच्या घरातला साखरेचा डबा

मी एक जुना स्टीलचा साखरेचा डबा आहे. माझ्या पोटावर 'सौ. सिंधु सटवाजी' असं नाव कोरलेलं आहे. मित्रांनो, सिंधुबाईंच्या मामांनी लग्नात द्यायला मला नांदेडच्या बाजारातून घेतलं आणि दुकानदाराने घरघर मशीन फिरवून ही अक्षरं काढली. गुदगुल्या झाल्या, पण तेव्हापासून मी स्वतःला कधी साधासुधा डबा समजलो नाही.

अर्धापूरजवळच्या केळीच्या मळ्यातल्या या घरात माझा मोठा मान होता. पाहुणा आला की पहिली आठवण माझी. लेक आरती पास झाली, गाय व्याली, की सिंधुबाई मला उघडून प्रत्येकाच्या तोंडात चिमूटभर साखर घालत. माझं झाकण जरा घट्ट आहे, उघडताना 'खट्' वाजतं. तो आवाज म्हणजे आनंदाची बातमी, असं सगळ्यांना ठाऊक होतं.

मग सिंधुबाईंच्या नवऱ्याच्या, सटवाजींच्या, पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून मधुमेह असल्याचं सांगितलं. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असंही ते म्हणाले. दिवसभर केळीच्या चिखलात पाय रोवून उभा राहणारा हा माणूस ओसरीवर अंगठ्याकडे बघत बसला. सिंधुबाईंनी मला फळीवर मागे सारलं. इतकी वर्षं गोडवा वाटला आणि एका दिवसात वैरी ठरलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण जित्याची खोड! एका दुपारी बायको अंगणात आहे असं पाहून सटवाजींनी मला हळूच उघडलं. मीही इमानी, खट्कन वाजलोच. सिंधुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन कप बिनसाखरेचा चहा केला आणि एक स्वतःपुढे ठेवला.

"तुमाला न्हाई तर मला बी न्हाई," त्या म्हणाल्या. "आजपासून ह्या घरात एकच चहा."

गोड चहा हा या बाईंचा एकुलता एक शौक. पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं. सटवाजींनी ते पाहिलं आणि मला आपल्या हाताने पार वरच्या फळीवर ठेवलं.

पुढचे महिने मी तिथूनच पाहिले. वेळेवर गोळ्या, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दोघांचं ताट अगदी सारखं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा सिंधुबाई जिलेबी नको म्हणत. रोज संध्याकाळी त्या नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन जखमेची पट्टी बदलत.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई. तू चहा पिताना तोंड वाकडं करतीस, ते जास्त दुखतं."

एके दिवशी दोघं नांदेडहून परतले. जखम भरली होती, साखर आटोक्यात होती आणि अंगठा जागच्या जागी होता. सटवाजी थेट माझ्याकडे आले. खट्!

सिंधुबाईंनी धावत येऊन त्यांचा हात धरला. "आता कुटं बरं झालं, अन् तुमी परत..."

"माझ्यासाठी न्हाई," सटवाजी म्हणाले आणि त्यांनी चिमूटभर साखर बायकोच्या तोंडात घातली. "अंगठा वाचला, आरतीची माय. तोंड गोड करायचं न्हाई का?"

सिंधुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई गोड लागून राहिली," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी गॅस पेटवला. "पण चहा बिनसाखरेचाच करते. दोघांचा."

मित्रांनो, त्या दिवशी मी जितका फुगलो तितका भरलेला असतानाही कधी फुगलो नव्हतो. तुमच्या घरी कुणाला पथ्य असेल तर नुसता डबा लपवून भागत नाही. त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या कपातला चहा आपल्याही कपात घ्या. आणि डब्यावर राग धरू नका. चांगली बातमी आली की वाजायचं काम शेवटी त्यालाच करायचं असतं.